दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकदमच घ्यावं का?

ताई, टेक्सासमध्ये घरीच शिकणारी तुमची लेक नववीत अल्जिब्रा १ संपवते आहे. बारावीत कॅल्क्युलस (कलन) आणि त्याआधी अकरावीत त्याची पूर्वतयारी, म्हणजे प्रीकॅल्क्युलस, गाठायचं तर दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ दोन्ही घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत: जरूर घ्या, पण तिचं अल्जिब्रा १ पक्कं असेल तरच. हुशारीचा प्रश्न इथे दुय्यम आहे.

हे दोन विषय एकमेकांवर फारसे अवलंबून नाहीत, पण दोन्हींना अल्जिब्रा १ पावलोपावली लागतं. तिला कोऱ्या कागदावर एक गणित घाला. दोन समरूप त्रिकोण. एकाच्या बाजू क्ष + ३ आणि ४, दुसऱ्याच्या संगत बाजू १० आणि क्ष. क्ष² + ३क्ष − ४० = ० इथवर ती आपली आपण आली, अवयव पाडले आणि लांबी ऋण नसते म्हणून −८ स्वतःच खोडून ५ ठेवले, तर तयारी आहे. समीकरण मांडतानाच अडखळली, तर उन्हाळा उजळणीला द्या.

तुमचे मिस्टर म्हणतात की आपण दहावीला बीजगणित-भूमिती बरोबरच केली. खरं आहे, महाराष्ट्र बोर्डात आजही गणित भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे पेपर असतात. पण ते एका वर्षाचं गणित दोन भागांत वाटलेलं. अमेरिकेत यातला प्रत्येक कोर्स अख्ख्या वर्षाचा, रोज तासभर मागणारा. तेव्हा तिच्या दिवसातलं काय कमी करणार, हे आधी ठरवा, आणि तिला विचारून ठरवा.

मी असते तर जॉमेट्री जूनमध्येच सुरू केली असती. घरच्या शाळेला ऑगस्टची वाट बघायची गरज नाही. अल्जिब्रा २ ऑगस्टपासून. डिसेंबरपर्यंत एकरूपता, समरूपता, काटकोन त्रिकोण आणि साइन-कोसाइन हातात आलं पाहिजे, कारण अल्जिब्रा २ मधली त्रिकोणमिती बहुधा शेवटी येते आणि ती यावरच उभी असते. मग जॉमेट्रीत वर्तुळं, घनफळं वगैरे उरतात, ते हलकं आहे.

घाईत सिद्धता मात्र गाळू नका. एसएटी या अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेश परीक्षेच्या ४४ गणितांत भूमिती-त्रिकोणमितीची पाच ते सातच असतात आणि सिद्धता एकही लिहावी लागत नाही, म्हणून अनेकजण त्या सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं. ‘हे खरं कशावरून?’ याचं उत्तर ओळीओळीने लिहायला शालेय गणितात इतकं नीट दुसरं कुठे शिकायला मिळतं?

ऑक्टोबरमध्ये रोजचा अभ्यास शनिवार-रविवारवर ढकलला जाऊ लागला, तर जॉमेट्रीचा वेग कमी करा. अल्जिब्रा २ ला हात लावू नका, प्रीकॅल्क्युलस त्यावर उभं आहे. जॉमेट्री मेऐवजी पुढच्या ऑगस्टमध्ये संपली तरी अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस हा क्रम जमतोच.