तिघांची तोंडं वेगळी करा

तुमच्या शिवकाळातल्या कथेचा उतारा वाचला. प्रसंग छान उभा राहिलाय, पण सरदार, कारकून आणि मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) तिघंही एकाच तोंडानं बोलतात. नव्यानं लिहिताना बहुतेकांचं असंच होतं, आणि ते सुधारता येतं.

आधी प्रत्येकाला त्याच्या कामातले शब्द द्या. मोतद्दाराला राग आला की लगाम, टाप, खरारा आठवेल. कारकुनाला जमा, खर्च, बाकी. एवढ्यानंच मोठा फरक पडतो.

नेहमीच्या चुका:

- संस्कृत शब्द पेरले की भाषा जुनी वाटते, हा समज. शिवकाळातल्या दरबारी मराठीत अर्ज, हुकूम, मुलूख असे फारसी-अरबी शब्द भरपूर होते. त्यांना संस्कृत पर्याय द्यायला राज्यव्यवहारकोश हा शब्दकोश रचावा लागला, इतके! तुमचा सरदार 'आदेश' देतो. त्याला 'हुकूम' देऊ द्या.
- 'पाच मिनिटं थांब.' त्या काळी घटका (24 मिनिटं) आणि प्रहर (3 तास) चालत.
- एका वाक्यात चार अनोळखी शब्द. एक पुरे, आणि त्याचा अर्थ प्रसंगातून कळावा.

जुनी क्रियापदरूपं सध्या बाजूला ठेवा. आता पात्रांची नावं झाकून संवाद कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. कोण बोलतंय हे जिथं ओळखू येणार नाही, तीच वाक्यं पुन्हा लिहा.