मानसोपचार की मनोचिकित्सा? (आणि थोडं हातगुणाबद्दल)

प्रश्न कुडाळच्या एका ताईंचा आहे. त्या मानसशास्त्र शिकल्यात आणि एका दिवाळी अंकासाठी सायकोथेरपीतल्या नव्या पद्धतींवर लेख लिहितायत. त्या विचारतात, "सायकोथेरपीला मानसोपचार लिहू की मनोचिकित्सा, की सरळ थेरपीच ठेवू? मानसोपचार म्हटलं की आमच्याकडे लोकांना डायरेक्ट रत्नागिरी आठवते. जमलं तर ट्रॉमालाही शब्द सुचवा. आणि 'मनाच्या आजारांवर क्रांतिकारी उपचार' हा मथळा बरा वाटतो का? लेख सोपा हवाय, पण खोटा नको."

ताई, रत्नागिरीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपली रत्नागिरी, आणि गंमत म्हणजे प्रत्येक भागात त्या त्या गावाचं नावच शिवी झालंय. पुण्याकडे "याला येरवड्याला पाठवा", मुंबईत "ठाण्याला पाठवा", आणि आमच्या वेंगुर्ल्यात लहानपणापासून ऐकलेलं वाक्य म्हणजे "तेका रत्नांग्रीक न्हेवक होयो". बिचारी रत्नागिरी, आंबा आणि थिबा राजवाडा असून वर हेही तिच्याच माथी. तेव्हा शब्द बदलून ही अडचण सुटेल असं मला वाटत नाही, उद्या मनोचिकित्सा लिहिलं तरी दोन वर्षांनी त्यालाही तोच वास येणार. वास शब्दाला नसतो, त्या कल्पनेला असतो.

तरी पण शब्द बघूच, कारण हे दोन्ही शब्द भारी आहेत.

उपचार म्हणजे उप अधिक चर, जवळ जाणे, जवळ राहून करणे, सेवा. देवाची षोडशोपचार पूजा करतो ना आपण, त्यातला उपचार हाच. आता थेरपी बघा, मूळ ग्रीक थेरापिया, त्याचाही अर्थ सेवा, कुणाच्या दिमतीला असणे असाच. म्हणजे दोन लांबच्या भाषांत 'बरं करणं' या गोष्टीला शब्द सापडला तो औषधातून नाही तर जवळ बसण्यातून. त्यामुळे कुणी म्हणालं की थेरपीला मराठीत नेमका शब्दच नाही, तर मला हसू येतं, इतका नेमका शब्द क्वचितच मिळतो. फक्त एक खोट आहे. मराठीत उपचाराला दुसरा अर्थ चिकटलाय तो औपचारिकतेचा, "उपचार म्हणून गेलो लग्नाला". तो अर्थ मानसोपचारात सहसा आड येत नाही, पण कोरडी वाक्यं लिहिली की येतो, सांभाळा.

चिकित्सा हा वेगळा प्राणी. कित् धातूचं हे रूप, जिज्ञासा, पिपासा ज्या साच्यातले त्याच साच्यातलं, आणि मुळात त्यात नीट न्याहाळणं, लक्ष देणं आहे. संस्कृतात ते औषधपाण्यावर स्थिरावलं, हिंदीत तर चिकित्सक म्हणजे सरळ डॉक्टर. मराठीत मात्र चिकित्सक म्हणजे जो भाजीवाल्या बाईसमोर अर्धा तास उभा राहून एकेक भेंडी मोडून बघतो तो! "फार चिकित्सा करू नको" असं आपण म्हणतो तेव्हा कुणाला बरं करायचं नसतं. म्हणून मनोचिकित्सा हा शब्द मराठी कानाला मन फाडून तपासल्यासारखा लागतो, निदान माझ्या तरी. माझं मत विचाराल तर उपचार त्या खोलीत घडतो त्याला ठेवा आणि चिकित्सा तुमच्यासाठी, म्हणजे लेख लिहिणाऱ्यासाठी ठेवा, कारण नव्या पद्धतींवर लिहायचं तर मराठी अर्थाने चिकित्सकच व्हायला लागणार.

तर मानसोपचार लिहा. पण पहिल्याच परिच्छेदात एक गाठ सोडवून टाका. आपले पेपरवाले मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात ते बहुतेक वेळा गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरला, म्हणजे सायकिॲट्रिस्टला, त्याला खरं तर मनोविकारतज्ज्ञ हा स्वच्छ शब्द आहे. आणि बोलण्यातून उपचार करणारा तो बरेचदा मानसशास्त्रज्ञ, त्याला गोळ्या लिहायचा अधिकार नाही. वाचक बिचारा मानसोपचार वाचतो आणि गोळ्याच समजतो. म्हणून एकदा 'बोलण्यातून होणारा मानसोपचार' असं लांबलचक लिहा आणि मग खुशाल थेरपी म्हणा, पोरं तसंही तेच म्हणतात. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तिथूनच भाषाशुद्धीची चळवळ चालवली, त्यांनी दिलेले दिनांक आणि महापौर आज आपण सहज म्हणतो. पण प्रत्येक शब्दाला तसं नशीब नसतं, आणि मी काही त्या बाबतीत कडवा नाही, थेरपी मराठी झाला.

समुपदेशन मात्र जपून वापरा. त्याच्या पोटातच उपदेश बसलाय, आणि आपल्याकडे उपदेशाची टंचाई कधी नव्हती. माणूस समुपदेशकाकडे जातो तो चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायला मिळतील म्हणून, आणि समोरचा नुसतं ऐकून प्रश्न विचारतो तेव्हा म्हणतो "कायच सांगूक नाय, फुकट पैशे गेले". असाच घोळ सीबीटीचा, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचा. १९६० च्या दशकात ॲरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने ती बांधली, आपले विचार पुराव्यावर घासून बघायचे आणि वागणं थोडं थोडं बदलून बघायचं असा साधा गाभा, आणि पुस्तकात तिचं नाव बोधात्मक वर्तनोपचार! बोध म्हटल्यावर मराठी माणसाला इसापनीती आठवणार, शेवटी तात्पर्य येणार म्हणून तो वाट बघत बसणार. त्यापेक्षा अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीला मराठीत विवेकनिष्ठ हा शब्द मिळाला तो किती चांगला. एलिसने ती पद्धत १९५५ च्या सुमाराला मांडली आणि कि. मो. फडक्यांनी महाराष्ट्रात रुजवली, शब्द ऐकताच कळतं की इथे डोकं वापरायचंय.

आता ट्रॉमा. इथे जरा थांबतो.

छापील शब्द आहे आघात. वाईट नाही, पण आघात म्हणजे घाव घालणं, बाहेरून येऊन आदळणारी गोष्ट. ट्रॉमा हा ग्रीक शब्द मुळात जखमेचा, म्हणजे जे मागे राहतं त्याचा. आणि मागे राहतं त्याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, धसका. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला तो आघात. त्यानंतर पावसाचा जोर वाढला की रात्री उठून वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं ते बघणं, वरच्या मजल्यावर सामान चढवून ठेवणं, झोप न लागणं, हा धसका. मालवणीत "झिलान धसको घेतल्यान" असं म्हणतात, आणि 'घेतला' हे क्रियापद बघा, आघात होतो पण धसका घेतला जातो. एकाच पुरातून चार माणसं वाचली तरी चौघंही धसका घेतील असं नाही. मानसशास्त्रात हा फरक लाखमोलाचा आहे, घटना वेगळी आणि घटनेचा मनावर राहिलेला ठसा वेगळा, आणि ट्रॉमावरच्या निम्म्या लेखांत दोन्ही एकाच शब्दात कोंबतात त्यामुळे बॉस ओरडला तोही ट्रॉमा आणि घर वाहून गेलं तोही ट्रॉमा. फक्त धसका म्हणजे पीटीएसडी असं मात्र लिहू नका हां, पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) हे आघातानंतरच्या आजाराचं निदान आहे, १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आलं, त्याला ठरलेली लक्षणं आणि किमान मुदत आहे. बहुतेकांचा धसका काही दिवसांनी उतरतो, पीटीएसडीचं निदान होतं ते न उतरणाऱ्याचं.

याच धसक्यावरची एक पद्धत तुमच्या यादीत असणारच, ईएमडीआर, त्रासदायक आठवण मनात धरून डोळे डावीउजवीकडे हलवायचे ती. फ्रान्सिन शपीरोला १९८७ मध्ये ती सुचली, १९८९ मध्ये पहिला अभ्यास छापून आला. तिच्याबद्दल खरं वाक्य कसं लिहायचं ते करून बघू. "डोळे हलवून ट्रॉमा कायमचा बरा" हे खोटं. "हा सगळा बोगसपणा आहे" हेही खोटं, कारण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या सूचनांमध्ये पीटीएसडीसाठी तिची शिफारस केलेली आहे, त्या आजारासाठीच्या सीबीटीच्या जोडीने. मग खरं काय? पद्धतीने लोकांना फरक पडतो हे बऱ्यापैकी दिसलंय, पण तो डोळे हलवल्यामुळे पडतो की ती आठवण सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा समोर आणल्यामुळे, यावर भांडण अजून चालू आहे. हे वाक्य लांब झालं, मान्य, पण ते तोडलंत की त्यातला अर्धा भाग गळतो आणि गळतो तो नेहमी दुसराच अर्धा.

फरक पडतो म्हणालो, तर क्रियापदांचं बोलू, कारण लेखातला खोटेपणा नामात कमी आणि क्रियापदात जास्त लपतो असा माझा अनुभव आहे. मराठीत बरं होण्याच्या पायऱ्या किती सुंदर आहेत बघा. आराम पडतो, उतार पडतो, फरक पडतो, गुण येतो, बरा होतो, खडखडीत बरा होतो. तापाला उतार पडला म्हणजे ताप गेला नाही हे आजीलाही कळतं. आता एखाद्या अभ्यासात लोकांचा नैराश्याचा स्कोअर खाली आला, तर तो उतार आहे. तो लेखात 'बरे झाले' म्हणून आला की संपलं. आणि कुणाशी तुलना केली तेही सांगा, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले होते का, दुसऱ्या गटाला दुसरी थेरपी दिली होती की ते नुसते वेटिंग लिस्टवर होते, कारण नुसत्या वाट बघणाऱ्यांपेक्षा बरं ठरणं हे काही फार मोठं शौर्य नाही.

आणि गुण. "त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे" हे आपण म्हणतो ते शहरातले सुशिक्षित लोक अंधश्रद्धेत टाकतात. पण १९३६ मध्ये सॉल रोझेन्झवाइग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक छोटा लेख लिहिला, म्हणणं असं की वेगवेगळ्या पंथांच्या थेरप्या सगळ्याच साधारण सारखं यश सांगतात, तर कदाचित त्या सगळ्यांत समान असलेलं काहीतरी काम करत असेल. 'ॲलिस इन वंडरलंड'मधला डोडो पक्षी शर्यतीनंतर म्हणतो की सगळेच जिंकले, सगळ्यांना बक्षीस मिळालं पाहिजे, त्याचा दाखला त्याने दिला आणि तेव्हापासून हा वाद डोडोच्या नावानेच चालतो. पुढच्या अभ्यासांत एक गोष्ट परत परत दिसली, थेरपिस्ट आणि समोरचा माणूस यांचं किती जुळलं याचा परिणामाशी संबंध असतो, पद्धत कुठलीही असो. इंग्रजीत याला बोजड नावं आहेत, आपल्याकडे हातगुण आहे! बिनधास्त वापरा. पुढे एवढं मात्र जोडा की सगळं हातगुणावरच भागत नाही, ओसीडीसारख्या (तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती पिच्छा सोडत नाहीत तो आजार) किंवा ठरावीक गोष्टीच्या भीतीत जिची भीती वाटते तिला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला लावणाऱ्या पद्धतीचा आधार चांगलाच भक्कम आहे, तिथे नुसता गोड स्वभाव पुरत नाही.

विशेषणांकडे येतो. क्रांतिकारी, रामबाण, अत्याधुनिक, वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध. मे महिन्यात हायवेला उभं राहा, प्रत्येक पेटीवर देवगड हापूस लिहिलेलं असतं, आत कर्नाटकचा आंबा असला तरी. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे मूळ ठिकाणाची सरकारी नोंद, मिळालं तरी पेटी उघडून देठाचा वास घेणारा घेतोच. 'नवीन' या शब्दाचंही तसंच आहे. माइंडफुलनेस नवीन म्हणून विकतात, जॉन कबाट-झिनने मॅसॅच्युसेट्समध्ये दुखण्याने गांजलेल्या लोकांसाठी तो कोर्स १९७९ ला काढला, आणि त्यातलं मूळ बुद्धाच्या काळचं. (याला सजगता लिहा. मला भान जास्त आवडतं पण "भानावर ये" मधे दटावणी आहे, ती नको.) नवीन म्हणताना कधीपासून आणि कुठे ते सांगितलं की विशेषणाची गरजच उरत नाही. एमडीएमए हे ड्रग देऊन केलेल्या थेरपीचं उदाहरण घ्या, सध्या त्यावर भरपूर लिहिलं जातं. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना पीटीएसडीसाठी ते द्यायची परवानगी मिळाली, आणि अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, मंजुरी नाकारून आणखी चाचणी मागितली. ही दोन्ही एकाच वाक्यात यायला हवीत. नुसतं पहिलं लिहिलंत तर जाहिरात, नुसतं दुसरं लिहिलंत तर घाबरवणं. आणि भारतात ते बेकायदा आहे हे चौकटीत टाका, नाहीतर आपली पोरं गोवा बॉर्डर किती जवळ आहे ते बघणार.

राहिली किरकोळ मंडळी. पेशंट म्हणू की क्लायंट, कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञापासून तिकडे क्लायंट म्हणायची पद्धत पडली पण मराठीत त्याला अशील म्हटलं तर कोर्ट आणि गिऱ्हाईक म्हटलं तर दुकान, तेव्हा 'आलेला माणूस' लिहा, कंटाळा आला की पेशंट. अप्रोचला दृष्टिकोन नको, पद्धत पुरे. सेशनला बैठक म्हणू नका, आमच्याकडे बैठक म्हटलं की लोक श्रीसदस्य, म्हणजे धर्माधिकारींच्या बैठकीला जाणारे, समजतात.

मथळ्याचं म्हणाल तर 'क्रांतिकारी' तेवढं काढा. आणि 'उपचार'च्या आधी 'बोलण्यातून' घाला, म्हणजे वाचता वाचता कुणी रत्नागिरीपर्यंत जाणार नाही, गेलं तर कणकवलीतून परत येईल.