वडील वर्षभरात दोनदा पडले. वयामुळे रिफ्लेक्स मंदावतात म्हणून तोल जातो का?

तुम्ही लिहिलंय की वडील 71 वर्षांचे, रोज शेतात जातात, मोठा आजार नाही, तरी दोनदा पडले आणि डॉक्टर "वय झालं" म्हणाले. मी जळगावला फिजिओथेरपिस्ट आहे. वयाचा भाग खराच, पण तेवढ्यावर सोडून देऊ नका.

माझ्याच घरातलं सांगतो. यावलकडे आमची केळीची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी बागेत मी पुढे, आबा मागे. ठिबकच्या एकाच नळीत आधी माझा पाय अडकला, मग त्यांचा. मी दोन पावलं धडपडलो आणि सावरलो. आबांचाही पाय पुढे आला, पण उशिरा आणि आखूड. ते गुडघ्यांवर आपटले. अडखळलो दोघेही, फरक पडला तो सावरायच्या त्या पावलात.

ते पाऊल झटकन टाकायला स्नायूंतले वेगवान तंतू लागतात. वयाबरोबर नेमके तेच जास्त बारीक होतात, आणि त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीही घटतात. सावकाश चालायची ताकद मात्र टिकून राहते, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. दोन-तीन किलोमीटर आरामात चालणारा माणूस अर्ध्या सेकंदाच्या कामात कमी पडतो. घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल उडतं ना, तो रिफ्लेक्सही या वयात बऱ्याच जणांचा मंद झालेला असतो.

तोल सांभाळतात तिघं: तळपायाची जाणीव, आतला कान आणि डोळे. पहिले दोन क्षीण झाले की सगळा भार डोळ्यांवर येतो. म्हणून वडील कुठे आणि किती वाजता पडले ते आधी विचारा. रात्री लाईट गेल्यावर? न्हाणीत तोंडावर पाणी घेताना डोळे मिटले तेव्हा? आबा बोलता बोलता उंबऱ्याशी थांबायचे, वाक्य संपवून मगच पाय उचलायचे. मला वाटायचं, गप्पांत रंगलेत. आपोआप होणाऱ्या चालण्याकडे त्यांना लक्ष द्यावं लागत होतं, हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याचं आजही वाईट वाटतं.

शुगर, बी-12, मोतीबिंदू तपासून घ्या. बीपी झोपून आणि मग उभं करून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. झोपेची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा.

आणि व्यायाम. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तोलाचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम नियमित केले तर पडण्याचं प्रमाण जवळपास 23 टक्क्यांनी कमी होतं. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठणं, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालणं, एका पायावर उभं राहणं. आबा ओट्यावरच्या खांबाजवळ करायचे, आई शेजारी उभी. पहिल्या दिवशी एका पायावर चार सेकंदही जमेना. तीन महिन्यांनी पंधरा झाले.

दोन्ही वेळा ते नेमके कसे पडले, पुढे की बाजूला, ते लिहा. त्यावरून सुरुवात कुठून करायची ते सांगतो.