दप्तरातली मासोळी

"लेकरू वाया चाललंय का हो मॅडम?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईनं विचारलं.

आठवीतला मुलगा. कंपासपेटीत चाकू सापडला म्हणून शाळेनं आईवडिलांना बोलावलं, चाकू त्यांच्या हवाली केला आणि समुपदेशन करून घ्या म्हणून सांगितलं. माझ्याकडं येईस्तोवर वडिलांनी दोन थोबाडीत ठेवूनही दिल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) कुटुंब अहमदपूरकडचं, पोरांच्या शिक्षणासाठी लातुरात खोली करून राहिलेलं.

वडिलांनी रुमाल उलगडून चाकू टेबलावर ठेवला. खटक्याचा रामपुरी निघतो की काय, असं मला वाटलं होतं. निघाली पितळी मासोळी! बोटाएवढी, अंगावर खवल्यांची नक्षी, डोळ्याच्या जागी खिळा, पोटात दुमडलेलं पातं.

"आबाचा हाय," पोरगं खाली बघत म्हणालं. आबा गेल्या दिवाळीत वारले. चाकू त्यांनी माळेगावच्या यात्रेत घेतला होता.

मी विरघळलेच. अशीच मासोळी आमच्या घरी माझ्या भावाला मिळाली होती, मला नाही, हे मी अजून विसरलेले नाही. तो शाळेत गेला की मी ती पळवायचे. कैऱ्या कापायला, विटीची टोकं तासायला, पेन्सिलीला टोक करायला. डाव्या तर्जनीवरचा वण तिचाच. तेव्हा पोरांच्या खिशात चाकू दिसला तर मोठी माणसं "दे रे जरा, सुतळी कापू दे" म्हणायची.

तेव्हा "आजोबांची आठवण आहे, काळजी करू नका" असं सांगून मी त्यांना वाटेला लावणारच होते. सहज म्हणून पातं उघडलं. पितळ काळवंडलेलं, खिळ्याला गंज, पण धार लखलखीत. आबांना जाऊन वर्ष होत आलेलं आणि धार कालपरवाची.

आईवडिलांना बाहेर बसवलं.

"धार कुठं लावलीस?"

"जिन्याच्या पायरीला."

"कशाला?"

बराच वेळ पंख्याचाच आवाज. मग हळूहळू निघालं. ट्यूशनहून येताना एका बोळात तीन मोठी पोरं अडवायची. आधी दहा-वीस रुपये, मग हातातलं घड्याळ.

"कधी काढलास चाकू?"

"नाही. खिशात हात घालून धरून ठेवतो फक्त."

मला माझी सेफ्टी पिन आठवली. कॉलेजला असताना एसटीच्या गर्दीत मी ती मुठीत धरून उभी राहायचे. टोचली असेल एकदाच, पण ती नसली तर गाडीत पाय टाकायचा धीर व्हायचा नाही. कैरीचा चाकू आणि ती पिन, दोन्ही माझीच. मी मात्र पोराकडं बघताना फक्त कैरी धरून बसले होते.

त्याला मी सरळ सांगितलं: भीती खरी आहे, पण ते तिघं आहेत. चाकू हिसकला गेला तर तो तुझ्यावरच चालेल आणि तुझ्या हातून चालला तर ती तीन मिनिटं आयुष्यभर पुरतील. वडिलांना कायद्याची धास्ती होती. एवढ्याशा पात्याला शस्त्र परवाना लागत नाही. परवान्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची भाषा आहे. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आदेश लागू असला की साधा चाकू घेऊन फिरणंही अंगाशी येतं, आणि सणासुदीला असे आदेश निघतातच. शाळेत तर तो नकोच.

थोबाडीत मारल्यानं एवढंच झालं होतं की पोरगं घरात बोलायचं बंद झालं. "कशाला ठेवलास?" हा प्रश्न पोलिसाचा वाटतो. "कुणाची भीती वाटायलीय का?" असं विचारलं असतं तर कदाचित त्याच रात्री उलगडा झाला असता. आईला मग आठवलं, महिनाभर ट्यूशनच्या वेळेलाच त्याच्या पोटात दुखायचं. तिनं ओवा दिला होता.

पुढचं फार रंगवण्यासारखं नाही. वडील पंधरा दिवस त्याला आणायला गेले, ट्यूशनच्या सरांशी बोलले, बॅचची वेळ बदलली. त्या तिघांतल्या एकाच्या घरचे येऊन भेटले, बाकी दोघांचे नाही. घड्याळ परत आलंच नाही. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, १०९८, मी त्याच्याकडून पाठ करून घेतला.

चाकू विहिरीत फेकतो म्हणत होते वडील. मी म्हटलं, आबांचा आहे, गावी देवळीत ठेवा.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, त्यांनी शेतातला फोटो पाठवला. मागं कडब्याची कोप, पुढ्यात आंबिलीचं मडकं, आणि पोरगं मासोळीनं पेरूच्या फोडी करतंय. फोटो मोठा करून बघितला तर अंगठा पात्याच्या पुढ्यातच. लगेच फोन लावला: "आधी त्याला अंगठा मागं घ्यायला सांगा!"