‘नोइंग’, ‘कॅन’ आणि आमचं ‘करून राहिलो’

इंदूरच्याच एका ताईंनी विचारलंय: “‘आय अ‍ॅम नोइंग हिम’ चूक, असं मुलाच्या बाई म्हणतात. मग मराठीत ‘मी त्याला ओळखून आहे’ कसं चालतं?”

बाई बरोबर आहेत. ‘नो’, ‘लाइक’, मालकीचं ‘हॅव’ ही स्थिती सांगणारी क्रियापदं, त्यांना सहसा ‘-इंग’ लागत नाही. ‘हॅविंग लंच’ चालतं, कारण तिथे जेवण चालू असतं. पण राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत जो तो मुलाखतीत ‘आय अ‍ॅम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्स्पीरिअन्स’ ठोकून देतो, ते ऐकून माझे कान किटलेत!

आता ‘ओळखून आहे’. यात ओळखणं चालू नाहीये. ते कधीच उरकलं, आता फक्त ओळख आहे. संस्कृतातलं ‘वेद’ असंच. अर्थ ‘जाणतो’, रूप मात्र लिट् लकाराचं, म्हणजे भूतकाळाचं: पाहून झालं, म्हणून आता ठाऊक. आणि इंग्रजीतलं ‘कॅन’? तेही तसंच! त्याचा जुना अर्थ ‘जाणणे’. ‘नो’चं सख्खं भावंड, आपल्या ‘ज्ञा’चं चुलत. रूप मुळात भूतकाळी, म्हणून ‘ही गोज’ म्हणतात पण ‘ही कॅन्स’ म्हणत नाहीत. ‘मे’ आणि ‘शॅल’ याच घराण्यातले. शाळेत हे ‘अपवाद’ म्हणून घोकून घेतात, त्यामागचं कारण मात्र कुणी सांगत नाही.

हे कळल्यापासून मला आमच्या इंदुरी ‘काय करून राहिला रे?’चा भारी अभिमान वाटतो. पुण्याकडचे पाहुणे हसतात. इथलेही काही मराठीचे जाणकार ‘कर रहा है’ची नक्कल म्हणून नाक मुरडतात. अहो, असेल नक्कल! पण ‘राहिला’ हे भूतकाळी रूप, ‘रहा’ही भूतकाळीच, आणि दोन्ही कामाला लागलीत वर्तमानाच्या. ‘वेद’ने केलं तर आर्ष, ‘कॅन’ने केलं तर व्याकरण, आम्ही केलं तर अशुद्ध? माझं तर मत आहे की बोलणाऱ्याला वर्तमान पकडायचा असला की तो भूतकाळाचंच शेपूट धरतो. पटत नसेल तर पुण्यातल्या कुठल्याही घराची बेल वाजवा. आतून “आलो, आलो!” ऐकू येईल, आणि गृहस्थ अजून अंगाला साबण लावत असतील.

हो, ताई, मुलाला ‘आय नो हिम’च लिहायला सांगा.