गावातल्या लोहाराला तुमचा क्लास कळतो का?

प्रश्न थोडक्यात असा : डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ) याच्या पाचव्या आवृत्तीतले फायटर (लढवय्या), विझर्ड (पुस्तकातून जादू शिकणारा), क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारा) हे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, खेळातल्या त्या जगातल्या माणसांनाही माहीत असतात, की ते फक्त आपल्या कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर असतात? तुमच्या टेबलावर एकाने भर दरबारात "मी पाचव्या लेव्हलचा रोग" अशी ओळख करून दिली (रोग म्हणजे इंग्रजी Rogue, चोरटेपणात तरबेज असलेला क्लास; लेव्हल म्हणजे पात्राची पायरी; मराठीत ऐकून सरदार दोन पावलं मागेच सरला असेल) आणि त्यावरून वाद झाला.

सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. क्लासगणिक ते बदलतं. मी एकच कसोटी लावतो : शीट न बघता, नुसतं वागणं बघून तिथल्या माणसाला फरक कळेल का?

विझर्ड आणि सॉर्सरर (जादू उपजतच अंगात असलेला) घ्या. फायरबॉल हा आगीचा मंत्र दोघेही टाकतात आणि जळणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण विझर्डला दुसऱ्याच्या पुस्तकातला मंत्र उतरवून घ्यायचा तर २०१४च्या नियमांनुसार मंत्राच्या दर लेव्हलमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी जातात. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा, म्हणजे ६ तास आणि १५० नाणी. हा पैसा उंची शाईवर आणि प्रयोगाच्या सामानावर जातो, म्हणजे ती शाई कुणीतरी विकतं. त्या दुकानदाराला विझर्ड कोण हे पक्कं ठाऊक असणार, कारण सॉर्सरर त्याच्या दुकानाची पायरी कधी चढतच नाही. मंत्रांची प्रतवारीही मग आपोआप जगात येते. खर्चच तिच्यावर ठरत असेल तर विझर्ड लोक तिला काहीतरी नाव देणारच. माझ्याकडे ते "तिसऱ्या श्रेणीचा मंत्र" म्हणतात.

ड्रुइड (निसर्गाची जादू करणारे) तर याहून पुढे. त्यांची गुप्त भाषा आहे, म्हणजे पंथ आलाच. १९७८च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये (खेळाडूंसाठीचं नियमपुस्तक, जुन्या आवृत्तीतलं) बाराव्या लेव्हलचे ड्रुइड फक्त ९, तेराव्याचे आर्चड्रुइड ३ आणि चौदाव्याचा ग्रेट ड्रुइड एकच. वर जायचं तर गादीवर बसलेल्याला हरवून त्याची जागा घ्यायची. तिथे क्लासच काय, लेव्हलसुद्धा त्या जगातली खरी गोष्ट होती. असल्या जगात "मी अमुक लेव्हलचा" म्हणणारा ड्रुइड मला अजिबात खटकणार नाही.

फायटरच्या बाबतीत उत्तर मात्र साफ "नाही" असंच. पहारेकरी, भाडोत्री शिपाई, दरोडेखोर सगळेच तलवार चालवतात. २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (राक्षस आणि इतर पात्रांचे आकडे देणारं पुस्तक) गार्ड, व्हेटरन, नाइट यांचे आकडे दिलेत, पण क्लास एकालाही नाही. बार्बेरियनचंही (रागाच्या भरात लढणारा क्लास) तेच. बंदरावर पोती उचलणारा, डोकं फिरलं की आवरत नाही असा हमालसुद्धा शीटवर बार्बेरियन असू शकतो, आणि त्याला रानटी म्हणायची कुणाची टाप नसते.

क्लेरिकबद्दल पाचव्या आवृत्तीच्या प्लेअर्स हँडबुकनेच सांगून टाकलंय की देवळातला प्रत्येक पुजारी क्लेरिक नसतो. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये : रोजची पूजा गुरव करतो आणि देव अंगात येतो भलत्याच कुणाच्या. दोघांतला फरक गावाला चांगला कळतो, त्यासाठी "क्लास" शब्दाची गरज पडत नाही. तरी पुस्तक इथे स्वतःच घोळ घालतं, कारण त्याच मॉन्स्टर मॅन्युअलमधला साधा प्रीस्ट (पुजारी) क्लास नसताना मंत्र टाकतो.

क्लास जगात खरे मानण्याचा कडेलोट बघायचा तर १९८९ साल बघा. डीअँडडीच्या दुसऱ्या आवृत्तीने असॅसिन (मारेकरी) हा क्लास काढून टाकला. फॉरगॉटन रेल्म्स या डीअँडडीच्या काल्पनिक जगाच्या लेखकांनी तो गुपचूप गाळला असता तर चाललं असतं, पण नाही. देव पृथ्वीवर उतरले आणि त्यांच्या भांडणात झाडून सगळे असॅसिन मेले, अशी कथाच रचली! नियमपुस्तकात एक नोंद कमी झाली म्हणून तिकडे माणसं मारली. माझ्या मते हा अतिरेक आहे, पण आठवलं की हसू येतंच.

तुमच्या मित्राला क्लास-लेव्हल उघडपणे बोलायचीच हौस असेल तर १९९३चा अर्थडॉन हा दुसरा असाच खेळ खेळा. त्यात डिसिप्लिन (क्लाससारखं) आणि सर्कल (लेव्हलसारखं) हे पात्रांनाच माहीत असतात, सर्कल विचारण्यात काही वावगं नाही. डीअँडडीत मात्र रोगला मी त्याचा धंदा विचारतो. चोर, हेर, सरकारी तपासनीस, कुलपं दुरुस्त करणारा, शीटवर हे सगळे रोगच. चोरांची सांकेतिक बोली पुस्तक प्रत्येक रोगला फुकट देतं, ते मला पटत नाही. तपासनिसाला ती कुठून येणार? चोरांत वावरलेला असेल तरच देतो, नाहीतर बदल्यात दुसरी एखादी भाषा.

हे सगळं पहिल्या सेशनआधी प्लेअर्ससोबत क्लासवार ठरवून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. मल्टिक्लासवाल्यांकडे, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लास मिसळणाऱ्यांकडे जरा जास्त लक्ष द्या. फायटरने मधेच वॉरलॉकच्या (कुणा बलाढ्य शक्तीशी करार करून जादू मिळवणारा क्लास) दोन लेव्हल घेतल्या तर जगाच्या लेखी तो कुणाशीतरी करार केलेला शिपाई आहे. करार कुणाशी, कधी झाला आणि पार्टीतल्या (सोबतच्या पात्रांच्या टोळीतल्या) कुणाला ठाऊक आहे, हे त्याच्याकडून लिहून घ्या. दोन्ही लेव्हलचे फायदे शीटवर चढवण्याआधी.