लिफ्ट नाही, सायकल रोज तिसऱ्या मजल्यावर न्यायची आहे. दोरीची मूठ घरी कशी बनवायची?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राहता, गिअरची सायकल साधारण १५ किलोची आहे आणि दांडीला धरून उचलली की चाकं पायऱ्यांवर आपटतात. दांडीला धरलं तर ती आपटणारच. दांडी जमिनीपासून ७५–८० सेंमीवर असते आणि उभ्या माणसाची लोंबती मूठ ७०–७५ सेंमीवर. म्हणजे चाक पायरीच्या वर यायला कोपर वाकवावं लागतं आणि सगळा भार दंडावर येतो. म्हणून दांडीलाच दोरी गुंडाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मूठ हवी सीटची उभी नळी आणि समोरची तिरकी नळी यांच्या मध्ये, खाली. क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे जोडलेले असतात त्या भागाच्या) मध्यापासून उभ्या नळीवर १७ सेंमी आणि तिरक्या नळीवर २२ सेंमी मोजून खुणा करा. नेहमीच्या फ्रेमवर या दोन खुणा जवळपास एका पातळीत येतात आणि मधलं अंतर २० सेंमीच्या आसपास निघतं. सायकलचा तोलही क्रँकच्या थोडा पुढे, याच पट्ट्यात असतो. या जागेचा आणखी एक फायदा म्हणजे दोन्ही नळ्या वर जाताना फाकत जातात. त्यामुळे ठरावीक लांबीची दोरी वर ओढली की तिथेच अडकते, भार आला की उलट घट्ट होते.

सामान थोडंच लागतं. ४ मिमीची पॅराकॉर्ड (पॅराशूटला वापरतात तशी बारीक, मजबूत नायलॉन दोरी) किंवा विणलेली नायलॉन दोरी ५ मीटर, अर्ध्या इंची पाण्याच्या मऊ पाइपचा ११ सेंमी तुकडा, आणि पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब. जांभळी नाक्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानांत चौकशी करा. पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी घेऊ नका, ती गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते आणि उन्हात तिचे धागे तुटायला लागतात. सुतळी एका पावसाळ्यात कुजते. ताकदीची काळजी मात्र सोडा. अस्सल ५५० (म्हणजे ५५० पौंडांच्या) पॅराकॉर्डचा एकच पदर जवळपास २५० किलोला तुटतो आणि इथे चार पदर आहेत. त्रास होतो तो नायलॉन ताणलं जाण्याचा. म्हणून आधी दोरी भिजवून तिला १५ लिटरची भरलेली बादली रात्रभर टांगून ठेवा, मगच कापा.

दोन्ही खुणांवर ट्यूबची ५ सेंमी रुंद पट्टी दोन वेढे गुंडाळा. रंग वाचतो आणि मूठ तिरकी होत नाही. हे रबर नसेल तर एक टोक वर सरकतं, दुसरं खाली. आता दीड मीटर दोरी घेऊन दोन्ही नळ्यांना मिळून दोन पूर्ण फेरे द्या आणि टोकं दुहेरी फिशरमन गाठीने बांधा (प्रत्येक टोकाचे दुसऱ्या टोकाभोवती दोन वेढे घेऊन ते त्याच वेढ्यांतून ओढायचं). गाठ नळीजवळ ठेवा, मधोमध नको, नाहीतर ती तळहातात रुतेल. फेरे किंचित सैल हवेत, कारण नंतर पदर एकत्र आवळले की ते आपोआप ताठ होतात.

गिअरची केबल तिरक्या नळीच्या खालून उघडी जात असेल तर दोरी नळी आणि केबल यांच्या मधूनच न्या. केबलवरून नेलीत तर उचलताना ती दाबली जाईल, आणि रोज दाबली गेली की गिअरचं सेटिंग बिघडतं. पुढचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) उभ्या नळीवर पट्ट्याने बसवलेला असेल तर फेरा त्याच्या वर राहू द्या, त्याच्या केबललाही हाच नियम. बाटलीचा स्टँड मध्ये येत असेल तर काढावाच लागेल.

पाइपचा तुकडा ब्लेडने लांबीत चिरून चारही पदरांवर चढवा. पदरांची जुडी सुमारे १० मिमी होते, ती पाइपात सहज बसते. मग त्यावर उरलेली दोरी खेटून गुंडाळा. साधारण तीस वेढे, दोन मीटरच्या थोडं वर. सुरुवातीचं टोक पहिल्या वेढ्यांखाली दाबा. शेवटच्या सात-आठ वेढ्यांखाली पातळ दोऱ्याचा फास आडवा ठेवा, टोक त्यात ओवा आणि पकडीने फास ओढून टोक आत घ्या. मग कापून लायटरने वितळवा. बोट लावून पाहू नका, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं. तयार मूठ सुमारे २५ मिमी जाड होते. यापेक्षा बारीक ठेवलीत तर दुसऱ्याच मजल्यावर बोटं दुखायला लागतात.

उचलताना सायकलच्या डाव्या बाजूला उभे राहा, म्हणजे चेन बाहेरच्या बाजूला राहते. उजवा हात दांडीवरून पलीकडे नेऊन मूठ धरा. दांडी कंबर आणि हात यांच्या मध्ये आली की सायकल बाहेर कलत नाही. डाव्या हाताने हँडल धरून पुढचं चाक वर ठेवा. कठडा धरायचा असेल तर पुढचं चाक आधी पट्टीने तिरक्या नळीला बांधून घ्या. जुन्या इमारतींच्या आणि वाशी-नेरुळच्या सिडको बिल्डिंगांच्या अरुंद लँडिंगवर पावणेदोन मीटरची सायकल वळत नाही. तिथे ती मागच्या चाकावर उभी करून फिरवायची.

लेडीज सायकलला हे करू नका. तिथे दोन्ही तिरक्या नळ्या जवळजवळ समांतर असतात, त्यांच्यात बांधलेली मूठ घसरते. फ्रेम स्टीलची असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा मूठ खाली सरकवून रबराखालचं पाणी पुसा. ओलं रबर तसंच राहिलं की आतून गंज धरतो.